तासभर हललो नाही

आणि वर म्हणतात, रिपोर्ट मिळणार नाही! अहो, तासभर त्या नळकांड्यात मुडद्यासारखा पडलो, पापणीसुद्धा जपून लवली, आणि रिपोर्ट नाही? मग मी काय तिथे ताणून द्यायला गेलो होतो? तुम्हाला सांगतो, चौऱ्याहत्तर वय माझं, चौथीत शाळा सुटली, पण तासभर हललो नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुळात गेलोच कशाला, तर चिरंजीवांमुळे. पन्नास वर्षं लेथ चालवतोय मी. वर्कशॉप माझं, दोन लेथ माझे, कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. आणि हा जेवताना मान खाली घालून म्हणतो, "बाबा, किल्ली आता माझ्याकडे द्या. तुम्ही विसरता." काय विसरलो रे? तर म्हणे लेथ चालू ठेवून चहाला गेलात. एकदा! एकदाच गेलो... बरं, दोनदा. पण दुसऱ्यांदा चहाला नव्हतो गेलो, तेव्हा ते धरायचं नाही. सूनबाई वाढता वाढता म्हणते, "काळजीनेच म्हणतात हो ते." काळजी! या घरात काळजी आली की माझी एकेक वस्तू जाते. आधी स्कूटर गेली, मग शिडी गेली, आता किल्ली!

तेवढ्यात कळलं, मोठ्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत मेंदूच्या संशोधनाला धडधाकट म्हातारे पाहिजेत. म्हटलं, वा! मेंदूचा फोटोच आणून आपटतो ताटाशेजारी. बोल म्हणावं आता!

गेलो. तिथल्या डॉक्टरबाई बोलायला गोड, पण प्रश्न किती! "आजोबा, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?" अहो बाई, डोळ्यात कण गेला नाही तो टर्नर कसला, तो ऑफिसात बसणारा! झालं... लगेच डोळ्यांचा एक्स-रे. का? तर म्हणे, "इतर ठिकाणी मशीन दीड टेस्लाचं असतं, फार तर तीन. हे सातचं आहे. कण राहिला असेल तर जागचा सरकेल." टेस्ला म्हणजे चुंबकाचं माप असणार, मी मान डोलावली. एक्स-रे स्वच्छ निघाला. मग पट्टा काढा, घड्याळ काढा, कपाटात ठेवा. म्हटलं, किल्ली कमरेची सुटणार नाही. बाई म्हणाल्या, "आजोबा, मग ती तुमच्या आधी आत जाईल." ठेवली, बाबा! कपडे खालच्या कप्प्यात, ती किल्ली अख्ख्या जुडग्यासकट वरच्या फळीवर.

मग डोकं बसवलं, आणि मी निम्मा निवळलो. का? अहो, लेथच्या चकमध्ये, म्हणजे त्याच्या जबड्यात, कातायचा लोखंडी जॉब धरतात ना, तस्संच! डोक्याला पिंजरा, कानांशी उशा, दोन्हीकडून आवळलेलं. बाई सांगतात, "आम्हाला मेंदूच्या सालीतले थर बघायचेत, अर्ध्या मिलीमीटरच्या हिशेबात. जरा हललात की चित्र पुसट." अर्धा मिलीमीटर? बाई, अर्ध्या मिलीमीटरला आम्ही खड्डा म्हणतो! जॉब हलला की भंगारात, हे मला नका शिकवू.

आत सरकवलं तसं आधी गरगरलं. तोंडात लोखंडाची चव, दातात खिळे धरावेत तशी. म्हटलं, चला, घरचीच चव. आणि मग तो आवाज! ठक ठक ठक, घर्रर्र, ट्यँ ट्यँ ट्यँ... कानात बोळे होते तरी! दुसरा किंचाळत सुटला असता. मी? हललो नाही. मध्येच बाईंचा आवाज, "आजोबा, ठीक आहात ना?" मी कशाला बोलतोय! बोललं की जबडा हलतो. "आजोबा? आजोबा!!" धावत आल्या बिचाऱ्या, बाहेर ओढलं, नाडी बघतात, गाल थोपटतात. मी एक डोळा उघडून म्हटलं, "मशीन का थांबवलं?"

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तासभर. पुन्हा हललो नाही.

शेवटी बाहेर आलो तर बाई पडद्यापुढे खिळलेल्या. "आजोबा, अठ्ठावीस जण झाले आतापर्यंत, त्यात तिशीतलेही आहेत. इतकं स्वच्छ चित्र कोणाचंच नाही." म्हटलं, लिहून द्या. "ते नाही देता येणार. ही तपासणी नाही, संशोधन आहे. सगळ्यांचं मिळून बघतो, एकट्याचं काही सांगत नाही." म्हणजे माझा मेंदू अख्ख्या जगाबद्दल सांगणार, माझ्याबद्दल सोडून! हट्टच धरला मी. तेव्हा कुठे एक फोटो छापून दिला, "आठवण म्हणून." अहाहा! काय त्या घड्या, काय त्या कडा... फिनिशिंग म्हणतात ते हे! कपडे चढवले आणि तडक घर. तडक म्हणजे, वाटेत बसच्या कंडक्टरला दाखवला. त्यालाही आवडला.

चिरंजीव जेवत होते. आपटला फोटो ताटाशेजारी! "बघ! अठ्ठावीस जणांच्या वर! तासभर हललो नाही! असा मेंदू विसरतो होय?" पोरगा घास हातात धरून बघतच राहिला. मग म्हणाला, "बरं बाबा. राहू दे किल्ली तुमच्याकडेच." जिंकलो की नाही? सूनबाईने न मागता आमटी वाढली!

आणि फोन वाजला.

सूनबाईने घेतला. "हो... हो, इथेच राहतात... अगं बाई, हो का?" फोनवर हात ठेवला आणि बघितलं कोणाकडे? माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे. "डॉक्टरबाई आहेत. म्हणतात, आजोबांच्या किल्ल्या वरच्या फळीवरच राहिल्यात."

हसलं असतं कोणी तर बरं झालं असतं हो! चिरंजीवाने हात धुतला, चपला घातल्या, आणायला निघाला. दारात थांबून वळून बघितलं, बाबा काही म्हणतात का. मी फोटो छातीशी धरून खुर्चीत बसलो होतो, आणि तुम्हाला सांगतो...

हललो नाही.