नेनाशेव्ह घराण्याची दोन पुस्तकं

सन्माननीय अध्यक्ष वालेरिया ग्रिगोर्येव्हना, गोठलेल्या रस्त्यावरून दोनशे किलोमीटर धडपडत आलेले प्रांतिक दप्तरखान्याचे प्रतिनिधी व आजचे प्रमुख पाहुणे रोदिओन पाव्हलोविच, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती कापितोलिना येगोरोव्हना, आणि तोलशेव्स्कच्या या संस्कृती भवनात कोट काढावा की अंगावरच ठेवावा या विचारात बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

कोट काढा. गावच्या बॉयलरघराचा मुख्य या नात्याने सांगतो, दुपारपासून दोन्ही भट्ट्या चालू आहेत. एरवी एकच असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच, आणि कापितोलिना येगोरोव्हनांना तर जरा जास्तच ठाऊक आहे. गावच्या दप्तरखान्यातल्या एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आमच्या बॉयलरघराविरुद्ध चौदा लेखी तक्रारी केल्या. कागदाला थंडी बाधते, ओल बाधते, आणि तुम्ही दोन्ही नेमाने पुरवता, असं पाचव्या तक्रारीत होतं. अशा बाईंच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं करावं, ही सूचना खुद्द त्यांचीच. आता ही माझी परीक्षा आहे की शिक्षा, ते भाषण संपल्यावर कळेल.

माझं नाव लेव्ह अर्काद्येविच नेनाशेव्ह. आडनावाकडे लक्ष द्या, कारण आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे. त्याचा अर्थ शाळेतल्या पहिल्या दिवसापासून मला लोक सांगत आलेत. 'आमचा नव्हे' तो नेनाश, आणि त्याची प्रजा ती नेनाशेव्ह. लहानपणी फुटबॉलचे संघ पाडताना दोन्हीकडचे गडी म्हणायचे, हा आमचा नव्हे. मी त्यावर दोघातिघांची नाकं फोडली आणि विषय संपला. मोठेपणी आडनाव म्हणजे पगाराच्या यादीतली एक ओळ होते. त्यात मूळ काय आणि कूळ काय, असं कोण विचारतो? मीही विचारलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी एका दहा वर्षांच्या मुलीने विचारलं.

आता जे सांगणार आहे, ते सांगायची परवानगी तिच्याकडून घेतली आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि सध्या बुटांकडे बघते आहे.

मला आणि माझ्या पत्नीला, तोन्याला, मूल नव्हतं. आम्ही नदीपलीकडच्या बालगृहात जाऊ लागलो. तिथे उल्याना भेटली. उल्याना सुब्बोतिना. स्टेशनच्या बाकावर शनिवारी सापडली म्हणून तिला शनिवारवरून आडनाव लावलेलं. त्याआधी एका कुटुंबाने तिला घरी नेलं होतं आणि आठ महिन्यांनी बॅगेसकट परत आणून सोडलं होतं. का सोडलं, ते कागदात नव्हतं. ती आमच्याकडे शनिवार-रविवारी यायला लागली. तोन्याशी तिची गट्टी जमली. मला ती ल्योवाकाका म्हणायची आणि माझ्या हातचे बटाटे आवडीने खायची. दत्तकाचा अर्ज झाला, मार्चमधली कोर्टाची तारीख मिळाली. दहा वर्षांच्या मुलाला कोर्टात स्वतःच्या तोंडाने हो म्हणावं लागतं, आडनाव बदलायलाही त्याचीच संमती लागते. त्यात काही अडचण येईल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जानेवारीत एका रविवारी जेवताना तिने चमचा खाली ठेवला आणि सांगितलं की मी तुमचं आडनाव लावणार नाही आणि कोर्टात हो पण म्हणणार नाही. बालगृहातल्या मुलींनी तिला अर्थ सांगितला होता. त्यांच्या दारावरच लिहिलंय की तू आमची नव्हेस, मग परत पाठवताना त्यांना काय वाटणार? तोन्याने तिला समजावलं, हवं तर सुब्बोतिनाच राहा. त्यावर ती म्हणाली, "शनिवार निदान दर आठवड्याला येतो."

माझं काय झालं ते सांगतो. मला राग आला. चाळीस वर्षं ज्या नावाचे टोमणे खाल्ले, त्याच नावावरून आता माझ्याच टेबलावर मला नाकारलं जात होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोन्याला म्हणालो, "नको असेल तर राहू दे तिला तिथेच." मी हळू बोललो, पण बॉयलरवर काम करणारा माणूस हळू बोलतो म्हणजे किती हळू, हे तुम्ही आत्ता ऐकताच आहात. मुलगी कोट घालून दारात उभी होती. आम्ही तिला गाडीतून बालगृहात सोडून आलो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते, आणि ती इतक्या लोकांसमोर वाटावी म्हणूनच मी ते सांगतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी उस्तिन्या आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे आमच्या घराण्याची चालतीबोलती आठवण. ती म्हणाली, अरे वेड्या, नेनाश हे तर सगळ्यात लाडक्या पोराचं नाव. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे नवं बाळ खिडकीतून बाहेर देत. रस्त्याने जाणारी बाई ते घेऊन पुढच्या दाराने आत येई आणि म्हणे, हे कुणाचं तरी पोर सापडलं, ठेवता का? आई म्हणे, आमचं नव्हे, पण ठेवतो. म्हणजे मरणाला वाटावं की या घरात न्यायजोगं काही नाही. मी आत्याच्या हातांचे मुके घेतले. मला हवं होतं तेच मिळालं होतं. आता यावर फक्त एक सरकारी शिक्का हवा होता.

म्हणून मी दप्तरखान्याची पायरी चढलो. हातात पाईक मासा भरलेला, तोन्याने भाजलेला मोठा पिरोग. चौदा तक्रारींपैकी नऊ तोवर होऊन गेल्या होत्या, त्यामुळे रिकाम्या हाताने जाण्यात अर्थ नव्हता. कापितोलिना येगोरोव्हनांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की नेनाश बाहेरगावचा असू शकतो, कुणाच्या दारात ठेवलेलं पोर असू शकतो, आत्या सांगतात तसा लाडका असू शकतो, आणि कुणाच्याच बाजूने न बोलणारा एखादा हेकटही असू शकतो. हा चौथा अर्थ घरी सांगितल्यावर तोन्याला लगेच पटला, ते जाऊ द्या. मी विचारलं, मग माझ्या कागदावर तिसरा लिहून द्याल ना?

"गोष्ट छान आहे," त्या म्हणाल्या. "पण मी शिक्का गोष्टीवर मारत नाही. आणि अर्थ मला विचारू नका. मी फक्त माणूस शोधते."

मी म्हटलं, पोरीच्या भल्यासाठी. त्या म्हणाल्या, पोरीच्या भल्यासाठीच. पिरोग त्यांनी ठेवून घेतला, एवढंच काय ते यश.

पोगोरेल्का हे आमच्या पूर्वजांचं गाव. तिथली चर्चची जन्ममृत्यूची पुस्तकं कापितोलिना येगोरोव्हनांनी उलट्या क्रमाने वाचत नेली. नातू, आजोबा, पणजोबा, असं करत दोनशे वर्षं मागे. त्याच्याही मागे जाण्यासाठी झारच्या काळातल्या खानेसुमारीच्या नकला मॉस्कोहून मागवल्या. घर मोजणारा कारकून गावोगाव फिरायचा आणि कोणत्या घरात कोण राहतं ते लिहून घ्यायचा, अशी ती पुस्तकं. कोर्टाच्या तारखेच्या दहा दिवस आधी पाकीट आलं आणि त्यांनी मला बोलावलं. पहिल्या पानावर बोट ठेवून वाचलं: 'इस्तोमाचं घर. मुलगे नाहीत. सांभाळायला घेतलेला पोरगा वास्का, म्हणतात नेनाश, वय सात.'

मंडळी, मी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. म्हणजे आमच्या घराण्याचा पहिला पुरुष परका होता. बालगृहातल्या पोरींनी सांगितलं ते साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या शाईने खरं केलं होतं. मी म्हणालो, हे तारीख होईपर्यंत कपाटात ठेवा, तुमच्या पाया पडतो. त्या म्हणाल्या, शनिवारी मुलीला घेऊन या. मी म्हणालो की तुम्हाला माणसं नकोत, कागदच हवेत, आणि दार आपटून निघालो. त्या मागून काहीतरी म्हणत होत्या. मी ऐकायला थांबलो नाही.

शनिवारी तोन्याने मुलीला नेलं. मीही गेलो, कारण घरी बसवेना. कापितोलिना येगोरोव्हनांनी उल्यानाला आधी हात धुवायला लावले. मग तिला स्वतःच्या खुर्चीत बसवून पहिलं पान वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. सांभाळायला घेतलेला. म्हणतात नेनाश. वय सात. मी खिडकीबाहेर बघत होतो.

उल्याना पानावर वाकली. मग तिने विचारलं, "मग त्याला परत कधी पाठवलं?"

कधी, असं विचारलं तिने. पाठवलं का, असं नाही.

कापितोलिना येगोरोव्हना म्हणाल्या, "एका पुस्तकावर मी कधी काही सांगत नाही. आधी दुसरं बघायचं." आणि त्यांनी दुसरी नक्कल उघडली. पहिल्या खानेसुमारीनंतर बत्तीस वर्षांची. तेच गाव. तेच घर. शेजारी तेच. बोट ठेवून त्या वाचू लागल्या: 'वास्का, इस्तोमाचा मुलगा, म्हणतात नेनाश. त्याचे मुलगे पेत्का, मिश्का आणि दोन वर्षांचा गान्का. त्याच्याकडे आई अकुलिना, म्हातारी, आंधळी.'

"ती त्याची खरी आई होती?" उल्यानाने विचारलं.

"लिहिणाऱ्याने आई लिहिलंय. लिहिलंय तेवढंच मी वाचते."

उल्यानाने त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. ती जुन्या अक्षरातली ओळ तिला वाचता येत नव्हती, तरी तिने तिच्यावरून पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे त्याने पण तिला नाही पाठवलं."

मी रडलो. एका मोठ्या बॉयलरघराचा मुख्य, लोकांसमोर. दप्तरखान्यातल्या दुसऱ्या बाईंनी मला पाणी आणून दिलं आणि कागदांपासून लांब उभं राहायला सांगितलं. निघताना मी कापितोलिना येगोरोव्हनांना विचारलं की दुसऱ्या पुस्तकातलं तुम्हाला आधीच माहीत होतं का? त्या म्हणाल्या, दोन्ही वाचल्याशिवाय मी कुणाला बोलावतच नाही. त्या दिवशी मागून तेच सांगत होत्या, मी दार आपटलं म्हणून ऐकू आलं नाही.

आता वास्काला नेनाश का म्हणत? परका म्हणून चिडवत, की आंधळ्या अकुलिनाने त्याच्या जिवाच्या भीतीने आमचा नव्हे, आमचा नव्हे म्हणत त्याला वाढवलं? उस्तिन्या आत्याची खिडकी खरी की खोटी? ते कुणालाच माहीत नाही, आणि कापितोलिना येगोरोव्हना शेवटपर्यंत सांगणार नाहीत. पण तो कुठे राहिला, ते माहीत आहे.

कोर्टात न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली होती. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी विचारलं की दत्तक जायला तुझी संमती आहे का. उल्याना हो म्हणाली. आडनाव? नेनाशेवा. हे तू स्वतः ठरवलंस का? तर म्हणाली, हो, पुढच्या पुस्तकात बघा. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी निकाल लिहिला. एवढ्याने मी तिचा बाबा झालो असं कुणी समजू नका. पुढचं दीड वर्ष मी ल्योवाकाकाच होतो, आणि माझ्या त्या स्वयंपाकघरातल्या वाक्यानंतर ते योग्यच होतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात देशाची जनगणना आली. तुमच्याकडेही ते निळी पिशवी अडकवलेले लोक आले असतील आणि तुम्हीही दार उघडायला टाळाटाळ केली असेल. आमच्या घरी मात्र एक मुलगी शाळेतून आल्यावर रोज खिडकीशी बसायची. संगीताचे दोन तास बुडवले. सहाव्या दिवशी प्रगणक आमच्या जिन्यात शिरला, तर ही तिसऱ्या मजल्यावरून पळत खाली गेली आणि त्याचा हात धरून त्याला वर घेऊन आली, शेजाऱ्यांची दारं सोडून. तो बिचारा दम खात पेन काढून म्हणाला, आधी घरातल्या मोठ्या माणसांची नावं सांगा.

उल्याना म्हणाली, "आधी मला लिहा. नाहीतर विसराल."

आणि त्याने लिहिलं.

कापितोलिना येगोरोव्हना, तो कागद आता कुठल्यातरी कपाटात आहे. साडेतीनशे वर्षांनी कुणी हट्टी माणूस तो शोधायला येईल, तेव्हा तुमच्यासारखं कुणीतरी तिथे बसलेलं असावं, एवढीच माझी इच्छा. तुम्ही आमच्या गावाला जे दिलंत त्याचे आभार मानायला माझी भाषा अपुरी आहे, ती बॉयलरघरात घडली आहे. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, आणि मागच्या खोलीत पिरोग गार होत असतानाही शांत बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठे शब्द तिखट गेला असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. आणि कापितोलिना येगोरोव्हना, त्या चौदा तक्रारींतली एकूण एक खरी होती. त्याचीही क्षमा आज मागतो.