इवायाची गाडी अन् पिवळी लाईट

आमी मूळचे तिगावचे. बाप संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोके, मीही पोरपणी खिळेच ठोकले, मंग पेट्या गेल्या, क्रेट आले, बाप म्हणे तू आता काही दुसरं पाहाय, तं मी नागपूरले जाऊन गाड्यायचं काम शिकलो अन् पांढुर्ण्यात गॅरेज टाकलं. तीस वर्सं झाले. गाडीचा आवाज आयकून सांगतो मी का तिचं कुठं दुखून राहिलं, लोकंही तसंच म्हणते, अन् त्याच्यानंच तं सारा घोळ झाला, काय सांगू तुमाले.

गिऱ्हाईक कोणतंही द्या बापा, इवाई देऊ नका. इवाई म्हणजे माह्या पोरीचे, वैशूचे सासरे, सौसरचे रिटायर मास्तर. गिऱ्हाइकाले मी झापतो, गाडी असी चालवतेत का म्हणतो, पण पोरीच्या सासऱ्याले काय म्हणान? त्यायले पयले पाणी, मंग चहा, मंग नाश्ता, अन् त्यात गाडीचं राहूनच जाते.

त्यायची गाडी चढावर ओढेच ना. पयल्यांदा आणली तं सकाळची थंड होती, मी चालवली, बरी चालली. क्लच घसरत असन म्हणून क्लचप्लेट बदलली. पंधरा दिवसांत परत. मंग पेट्रोलचा पंप खोलला, फिल्टर बदललं, प्लग बदलले. परत. आता माह्यापाशी मशीन आहे, गाडीले जोडली का काय बिघडलं ते दाखवते, पण मीटरमध्ये इंजिनची पिवळी लाईट लागली असन तं मशीन लावा, लाईटच नाही तं कायले लावा? असं मीच म्हणो. तीस वर्साचा कान आहे ना.

अन् तिकडं सौसरले आयकाचं कोणं? माह्या पोरीनं. गाडी बंद पडली का ईहीनबाई, वैशूची सासू, सैपाकघरात म्हणे, तुह्या बापाले गाडी समजते का संत्र्याची पेटी. पोरगी मले काही सांगे ना, हे मले जावयानं सांगतलं. दिवाळीलेही माहेरी आली नाही, म्हणे कामं आहे. माह्या जिवाले लागलं जी ते.

तिसऱ्या बारीले गाडी छिंदवाड्याच्या घाटात बसली. इवाई अन् ईहीनबाई दोघंही उन्हात रोडवर, अन् गाडीले सडक्या अंड्याचा वास. दुसऱ्या गाडीले बांधून घरी आणली. मी हत्यारं घेऊन सौसरले गेलो अन् त्यायच्या आंगणातच गाडीखाली घुसलो, म्हटलं आज सोडत नाही. सायलेन्सरच्या तोंडापाशी हात धरला तं हवा निघे नुसती फुकल्यावानी. मंग ट्यूब पेटली. त्या नळीत पुढं कन्वर्टर असते, आत मधाच्या पोळ्यावानी जाळी, धूर तिच्यातून साफ होऊन जाते. रबरी हातोडीनं ठोकलं तं आत खुळखुळलं. जाळीच्या पुढचा सेन्सर खोलला, धुराले वाट भेटली, अन् गाडीनं गल्ली गाजवली. जाळी वितळून नळीच बंद झाली होती. पण जाळी आपोआप नाही वितळत, इंजिनात न जळलेलं पेट्रोल तिच्यात जाऊन पेटते तवा वितळते. मंग मशीन लावली. एक कॉईल खराब निघाली, तापली का ठिणगीच ना दे.

आता असं असलं तं पिवळी लाईट लागालेच पायजे. मीटरवर वाकून पाहतो तं कोपऱ्यात जामसांवलीच्या हनुमानजीचं गोल स्टीकर, बरोबर लाईटीवर. नख घालून उचललं, मागं लाईट लागूनच होती.

माहं डोकं फिरलं. इवाई पाह्यले नाही का ईहीन पाह्यली नाही, वरडलोच, हे कोण्या शहाण्यानं चिकटवलं, मी इतके महिने मूर्खावानी गाडी खोलून राहिलो. वैशू दारात, कणकीचे हात तसेच.

“मी चिकटवलं, बाबा. लाईट लागली तवा तुमालेच फोन केल्ता. तुमी म्हणले, पिवळीच आहे ना, लाल नाही, तिच्याकडं पाहूच नका. मामाजी रोज पाहे अन् घाबरे. म्हणून झाकली.”

आठवलं मले. गॅरेजात गर्दी होती, खांद्यानं फोन दाबून, हातात पाना, म्हटलं असन मी. अन् पोरीनं इतके दिवस सासूचं आयकून घेतलं, पण लाईटीकडं पाहू नका असं बापानंच म्हटलं होतं, हे कोणाजोळ बोलली नाही. अशी शरम वाटली का गाडीखाली परत घुसावं.

“ईहीनबाई, चूक माही आहे. पोरीले काही म्हणू नका.”

त्या आत गेल्या, मले वाटलं गेलं सारं. बाहेर आल्या त्या वैशूची बॅग घेऊन, म्हणे जा, बापासंग चार दिवस राहून ये.

आता नवा कन्वर्टर आहे, नवी कॉईल आहे, हनुमानजी समोरच्या काचेवर आहे. अन् इवाई मले रोज फोन करते. हँडब्रेकची लाईट लागली, फोन. दरवाजा अर्धा राहिला, फोन. गाडीखाली असतो, हात ऑइलचे, वैताग येते बापा. पण उचलतो, पुरं आयकून घेतो. माह्या पोरीनं त्या घरात माह्यासाठी किती आयकलं, मले फोन आयकाले काय झालं? सुखी राहो सारे.