बेकरीवाल्याचं प्रायश्चित्त

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर. त्यांच्या शेजारी बसलेले आपले नवे फादर. ज्यांना निरोप देताना पाय जड झालेत ते आपले जुने फादर. गायनवृंदातली मंडळी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभे राहिलेले समस्त बंधू,

मला सांगितलंय, थोडक्यात बोला. बेकरीवाल्याची बायको आणि थोडक्यात! असो, प्रयत्न करते.

फादरांची प्रवचनं सगळ्यांनीच ऐकली. ते नेहमी म्हणायचे, ‘पापाची माफी मिळते, पण पापाचा पसारा इथेच राहतो, तो आवरावा लागतो.’ आपण माना डोलवायचो आणि घरी जाऊन जेवायचो. आमच्या घरी मात्र तो पसारा प्रत्यक्ष आला. सांगायला आमच्या ह्यांची परवानगी आहे. ते बघा, तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसलेत. फादरांनी याबद्दल आजवर चकार शब्द काढलेला नाही, बरं का. पापनिवेदनातलं सगळं ह्यांनीच घरी येऊन सांगितलं, तेही भट्टीपुढे, ओरडून.

झालं असं. आमच्या धाकटीला गायनवृंदात जायचं होतं. आमच्या घरासमोर पियानो शिकवणाऱ्या बाईंनी तिची परीक्षा घेतली आणि म्हणाल्या, “गळा दणदणीत आहे. सुराशी मात्र अजून ओळख व्हायचीय.” आता मुलगी आमची, गळाही आमच्याच घराण्याचा, बाई काय खोटं बोलल्या? पण ह्यांचं टाळकं सरकलं. पुढच्याच गिऱ्हाइकाला पाव बांधून देता देता म्हणाले, “बाईंना हल्ली ऐकू कमी येतं, कळलं ना?”

बस. बेकरीतून पावाआधी बातमी पोचते. बघता बघता सगळी गल्ली बाईंच्या कानाशी जाऊन ओरडायला लागली. आणि बहिऱ्या बाईकडे पियानो शिकायला मुलांना कोण पाठवणार? एकेक करून शिकवण्या बंद झाल्या. संध्याकाळी बाई खिडकीत नुसत्या बसलेल्या दिसायच्या. ह्यांना पाव गोड लागेना. शेवटी गेले फादरांकडे.

फादर म्हणाले, “देवाने माफ केलं.”

ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उठायला लागले, तर फादर म्हणतात, “बसा. बाईंच्या शिकवण्यांचं काय?”

“फादर, प्रायश्चित्त म्हणून वाटल्यास प्रार्थना वाढवून द्या, पण त्यांच्या दारात पाठवू नका.”

“प्रार्थना वाढवतो. दारातही जा.”

आधी ह्यांनी सोपा मार्ग धरला. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “बाईंना उत्तम ऐकू येतं हो!” लोक हळहळायचे, “किती मोठं मन! बिचारीचं झाकून घेताय.” आणि बाई पूर्ण बहिऱ्या झाल्याची खात्री करून घरी जायचे. पाप करताना एक वाक्य पुरलं, निस्तरताना तोंडाला फेस आला.

अखेर गेले समोर. मी आमच्या दारातून बघत होते. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “लोक माझ्यावर का खेकसतात, ते आज कळलं.” आणि दार लावलं. हे तिथेच उभे. पुन्हा दार वाजवलं आणि म्हणाले, “मला शिकवा. रोज येतो. लोकांना दिसू दे.”

बऱ्याच वेळाने दार उघडलं. “हात धुऊन या. पीठ लागलंय.”

मंडळी, त्यानंतर गल्लीने जे सोसलं ते मेल्यावर शुद्धिस्थानात पापं फेडत बसलेल्या आत्म्यांनाच ठाऊक! पाप ह्यांचं, आणि शिक्षा तुमच्या कानांना. पण एकदा बाई आत स्वयंपाकघरात, नळ धो धो चाललेला, आणि तिथून आवाज आला, “करंगळी! करंगळी चुकली!” आमच्या दुकानापुढे पोस्टमनच्या बायकोने तोंडात बोट घातलं, “अगं बाई, हिला तर नळाखालून करंगळी ऐकू येते!” ही बातमीही पावाआधी पोचली. हळूहळू मुलं परतली.

हे फादरांना विचारायला गेले, “आता फिटलं ना?”

फादर म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?”

“बाई शिकवतात, पण माझ्याकडे बघून हसत नाहीत.”

“मग जात राहा.”

जात राहिले. परवा एक साधी धून वाजवताना ह्यांचं बोट असं काही घसरलं, की बाई खुर्चीचा हात धरून हसल्या. मोठ्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हे घरी आले, पिठाच्या पोत्यावर बसले आणि मुलासारखे रडायला लागले. मी घाबरले. “अहो, काय झालं?”

“हसल्या,” म्हणाले.

फादर, तुम्ही नुसतं ‘माफ केलं’ म्हणून ह्यांना घरी पाठवलं असतं, तर हा माणूस जन्मभर त्या खिडकीकडे पाठ करून पाव विकत बसला असता. आमच्या घरावर तुमचे उपकार आहेत. नव्या ठिकाणी तब्येत सांभाळा.

अध्यक्षबाईंनी मला घंटा न वाजवता बोलू दिलं, त्यांचे आभार. बाई, तुम्ही पुढच्या रांगेत बसून हे सगळं ऐकून घेतलंत, तुमचे तर फारच. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. नमस्कार.