दाराकडं पाठ केलेला कॉम्प्युटर

(दुपारची सुट्टी. दोघं मोबाईलवर लिहितायत. शिवयोगी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, अल्तमश एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. अल्तमशची धाकटी बहीण इफ्रा त्याच शाळेत सातवीला.)

शिवयोगी: हे लिहिणारच न्हवतो.

शिवयोगी: चारदा टाईप करून खोडलं.

अल्तमश: दिसायलंय की. कवापासनं नुसतं टायपिंग टायपिंग. डबा उघडून बसलोय, बोल बे.

शिवयोगी: इफ्रा आज पण आली न्हाय शाळेत.

अल्तमश: कुठल्या तोंडानं येईल? तपासणीच्या दिवशी साहेबांसमोर कॉम्प्युटर बंद पाडला तिनं. मी पण लई बोललो यार. म्हणलं, तुमच्यासाठी मी रविवारी बाकं उचललो, आन् तू हे करतीस?

शिवयोगी: तिनं पाडला न्हाय.

अल्तमश: तीच म्हणली की, सगळ्यांसमोर.

शिवयोगी: रविवार आठव. कुलपाच्या खोलीतले कॉम्प्युटर आपण सातवीच्या वर्गात आणलो. चार पोरांत एक. गणिताला, भूगोलाला, रोज हाताशी.

अल्तमश: आठवतंय. कंबर अजून दुखायलीय.

शिवयोगी: एकाची पाठ दाराकडं केलो. तू विचारलास, हाच उलटा का?

अल्तमश: तू म्हणलास, ऊन पडतंय.

शिवयोगी: तिकडं खिडकीच न्हाय.

अल्तमश: मग?

शिवयोगी: तो रविवारच्या आधीच गेलेला. व्हिडिओ बघून खोललो आणि माझ्याच हातनं जळला. मोठ्या बाई नोकरीवरनं काढतील म्हणून गप बसलो.

शिवयोगी: वर्ग मी पोरांसाठी लावलोच न्हाय.

शिवयोगी: दारातनं बघणाऱ्या साहेबासाठी लावलो.

अल्तमश: आन् इफ्रा?

शिवयोगी: मीच बसवलो तिला तिथं. म्हणलं, साहेब असेपर्यंत नुसती बोटं हलव. ती कुणाला सांगणार न्हाय, म्हाईत होतं.

अल्तमश: हां. न्हाय सांगत ती.

शिवयोगी: साहेब आत फिरतील असं वाटलं न्हवतं. कॉम्प्युटरचा पडदा काळा, त्याच्यापुढं ही टाईप करायलीय. साहेब म्हणले, काय लिहायलीस बाळ? तिनं माझ्याकडं बघितलं.

अल्तमश: तू?

शिवयोगी: हजेरीच्या वहीत बघत उभारलो. मग ती म्हणली, सर, माझ्याकडनं बंद पडला.

अल्तमश: काल मी शाळेत आलतो. तुझी माफी मागायला.

शिवयोगी: व्हय.

अल्तमश: काय म्हणलास तू?

शिवयोगी: "चालतंय की, लहान हाय ती."

अल्तमश: चहा पण पाजलास.

शिवयोगी: व्हय.

अल्तमश: शिवी पण सुचंना बे.

शिवयोगी: दे की. बरं वाटंल.

अल्तमश: तुला बरं वाटावं म्हणून? जा रे.

अल्तमश: मी तिला म्हणलं, परत कशाला हात लावलीस तर बघ. तवापासनं अम्मीचा फोन वाजला तरी उचलंना. हात ओढणीत घालून बसती.

शिवयोगी: संध्याकाळी येतो घरी. पाया पडतो तिच्या.

अल्तमश: घरात कोण बी पाया पडतंय. तिला बोलणी सगळ्या वर्गासमोर बसली.

शिवयोगी: कळलं.

शिवयोगी: उद्या परिपाठाला घेऊन ये तिला. सगळी शाळा असती, मोठ्या बाई पण. माईकवर सांगतो, मी बिघडवलो म्हणून.

अल्तमश: काढतील तुला.

शिवयोगी: काढू देत. त्याच्या आधी ते बाक सरळ करून ठेवतो.

अल्तमश: बोलशील का पण? का परत चारदा खोडशील?

शिवयोगी: बोलतो. शब्द हाय तुला. आणि वहीत बघणार न्हाय, तिच्याकडं बघून बोलतो.