हाकेची विहीर

या, जवळ सरकून बसा. लाईट यायला अजून वेळ आहे, आणि तोवर कुणी झोपायचं नाही, नाहीतर पाणी पाजायचं राहून जाईल. ऐका तर. मी काही गोष्टी सांगणाऱ्यांतली नाही. पत्र्यावरून मांजर गेलं तरी माझ्या हातातलं भांडं पडतं. हसायचं ते आत्ताच हसून घ्या. पण ही गोष्ट मीच सांगायला हवी, कारण त्या रात्री पंपाच्या पेटीपाशी मी उभी होते. दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीला घरी आलेली. जेवणं झाल्यावर भानूतात्या, माझे धाकटे चुलते, विहिरीवर निघाले. पंपाला लागणारी थ्री फेज वीज रात्रीची होती, आणि विहिरीवरचा पंप बरेच दिवस बंद पडून होता. तो चालू करायचा म्हणजे दोन माणसं लागतात. एकानं खाली उतरून पंपात पाणी भरायचं, आतली हवा काढायची. दुसऱ्यानं वर खोलीत स्टार्टरच्या पेटीपाशी थांबायचं. खालचा ओरडतो, "टाक." वरचा बटण दाबतो. आपल्याकडं असंच चालतं. तात्यांचा नेहमीचा गडी बहिणीच्या लग्नाला गेलेला.

तात्या म्हणाले, "रेवा येईल की."

काकू म्हणाली, "ती? ती स्वतःच्या सावलीला भिते."

"मग बरंच हाय. भिणारं माणूस जागं राहतं. चल गं, चपला घाल. रबरी घाल, त्या नाजूक नको."

निघालो. चंद्र होता बरं का, चांगला अर्धा. लोक म्हणतात, भुतांना अमावस्या लागते. काही लागत नाही.

ओढ्याच्या कडेची वाट तुम्हाला माहीत आहे. पुढं तात्या, मागं मी. तात्यांच्या वहाणा करकर वाजत होत्या. माझ्या चपला फटफट. आणि तिसरा एक आवाज. ओल्या पायांचा. दगडावर ओलं पाऊल पडलं की कसं चप् होतं, तसा. मी थांबले, तो थांबला. मी चालले, तो चालला. ओढा तर कोरडा होता. ओले पाय कुठून आले?

"मागं बघत चालू नको," तात्या म्हणाले. "पुढं नांगरट हाय, तोंडावर पडशील."

मला बोलत राहायचं होतं. बोलणं चालू असलं की बरं वाटतं. म्हणून मी विचारलं, "तात्या, हिला हाकेची विहीर का म्हणतात?"

"कुणी सांगितलं तुला?"

"काकूनं."

"तुझ्या काकूला काय उद्योग हाय." मग थोडं चालून त्यांनी सांगितलं. ती विहीर आपण घ्यायच्या आधी दोघा भावांची होती, संतू आणि शिदा. एका रात्री संतू खाली पंपापाशी होता, शिदा वर पेटीपाशी. शिदानं "टाक" ऐकलं आणि बटण दाबलं. संतूचे हात तेव्हा पंपाच्या फिरत्या भागात होते. त्यानं हाक मारलीच नव्हती. पाण्यात पडला, तो मेलेलाच वर काढला. शिदा पुढं म्हातारा होऊन गेला, पण शेवटपर्यंत एकच म्हणायचा: मी त्याचाच आवाज ऐकला, माझ्या भावाचा आवाज मला कळत नाही होय?

"मग कोण ओरडलं होतं?"

"वारा असंल. नायतर टिटवी. रातच्याला रानात आवाजाला काय तोटा हाय?"

विहिरीवर पोचलो. पाणी खोल गेलेलं, म्हणून पंप खाली बांधलेल्या ओट्यावर उतरवून ठेवला होता. हा पंप पाणी वर लांब ढकलतो, पण खालून फार ओढू शकत नाही. त्याला पाण्याच्या जवळच ठेवावं लागतं. तिथवर दगडी पायऱ्या. आणि पेटी वर, पत्र्याच्या खोलीत, काठापासून चांगली लांब. खोलीतून विहिरीचा तळ दिसत नाही. नुसतं ऐकू येतं.

तात्यांनी मला फळीवर उभं केलं. "फळी कोरडी हाय, तिच्यावरनं खाली उतरायचं न्हाई. हात ओढणीला पूस. हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. मी टाक म्हटल्याशिवाय हिरव्याला बोट लावायचं न्हाई."

मी म्हटलं, "तोवर मेन स्विच खाली ओढून ठेवू का? फ्यूज काढते हवं तर."

"कशाला? पाणी भरायचं, हातानं फिरवून बघायचं, झालं. तू हायस की हितं."

असं म्हणून ते उतरले. बघा, तू आहेस की. एवढ्या भरवशावर.

मी एकटी. पेटीवर तीन बारके दिवे, लाल, पिवळा, निळा. तिन्ही पेटलेले, म्हणजे तिन्ही फेज आलेल्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले. आणि ते मंद झाले. मग उजळले. परत मंद. झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसे. मी स्वतःला सांगितलं, व्होल्टेज कमी-जास्त होतंय. आम्हाला शिकवलेलं आहे. होतं तसं.

तेवढ्यात हाक आली. "टाक."

तात्यांचा आवाज. तंबाखूनं थोडा बसलेला, अगदी तोच. माझं बोट वर गेलं. पण मनात आलं, इतक्यात? अजून बादली पाण्यात पडल्याचा आवाजही आला नव्हता. आणि आपली म्हातारी माणसं काय सांगतात? रात्री तीन हाका आल्याशिवाय ओ द्यायची नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही. मी गप्प राहिले.

"टाक गं."

दोन झाल्या. मी अजून गप्प.

"रेवे, टाक की. झोपलीस का उभ्यानं?"

तिसरी. आता सांगा. आजवर ऐकलेला नियम तिथंच संपला. तीन हाका झाल्या होत्या, तिसरी तर नाव घेऊन, वर चेष्टाही केली होती. माझं बोट हिरव्या बटणावर टेकलं. गार लागलं.

का दाबलं नाही, सांगू? धीट होते म्हणून नाही. विहिरीच्या तळातून आलेली हाक घुमते. वर येईपर्यंत दगडांना लागून लागून गोल होते. ही घुमली नव्हती. ती दाराबाहेरून आली होती. हाताच्या अंतरावरून, हळू, जशी तुमच्याशी मी बोलतेय.

मी ओरडले, "तात्या?"

"अगं दाब. माझा हात अडकलाय. मोटर फिरली की सुटंल. दाब, पोरी."

आवाज रडवेला झाला होता. तात्यांना तसं रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, पण रडले असते तर तसेच रडले असते. खोलीतल्या बल्बचा उजेड उंबऱ्यावर पडला होता, तिथं एक ओलं पाऊल उमटलेलं. नुसतं एकच. बोटं आत, खोलीच्या दिशेनं.

आता माझ्यापुढं दोनच गोष्टी होत्या. उजेडात उभं राहून बटण दाबायचं. नाहीतर ते पाऊल ओलांडून अंधारात जायचं, काठावरून वाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. माझ्यासारखीला सोपं कुठलं, तुम्हीच सांगा. आणि खरंच हात अडकला असेल तर? मी वेळ घालवतेय तोवर तात्यांचं काय होत असेल?

मेनचा दांडा मी खाली ओढला. दिवे विझले. तिन्ही फ्यूज एकेक करून उपसले, पांढऱ्या चिनी मातीचे ते, आणि ओढणीच्या गाठीत बांधले. हे करताना मी काय काय पुटपुटत होते, देव जाणे. मग डोळे मिटून उंबरा ओलांडला आणि पळाले.

काठावरून खाली बघितलं. तात्या ओट्यावर उकिडवे बसलेले. पंपाचा फिरणारा दांडा गंजून बसला होता, तो सुटावा म्हणून त्यावर उपरणं गुंडाळलं होतं, आणि उपरण्यावरून दोन्ही हातांनी तो पिळत होते. उपरण्याचं एक टोक त्यांच्या मनगटाला वेढलेलं. बॅटरी दातांत धरलेली. त्यांनी मान वर केली तसा झोत माझ्या डोळ्यांवर आला.

एक हात सोडवून त्यांनी बॅटरी काढली. "काय गं? पेटी सोडून हितं काय करतीस?"

"तुम्ही हाक मारलीत?"

"कशानं मारू? तोंडात बॅटरी हाय."

आणि तेव्हा मागून, खोलीतून, आवाज आला. खट्. हिरवं बटण आत गेल्याचा. आम्ही दोघांनी ऐकला. थोड्या वेळानं परत खट्. मग खट् खट् खट्. मोटर सुरू होत नसली की घाईतला माणूस दाबतो ना, तसं.

तात्यांनी आपल्या हातांकडं बघितलं. मनगटाचा वेढा सोडवला, सावकाश, जणू तो दुसऱ्या कुणाच्या हाताचा होता. मी ओढणीची गाठ सोडून फ्यूज दाखवले. तात्या पायरीवर बसले ते उजाडेपर्यंत उठले नाहीत, आणि मी त्यांच्या शेजारी.

काय म्हणालीस, पमे? ऑटो असेल? नव्हता. त्या पेटीला आपोआप चालू करणारं काहीच नव्हतं, आणि मेन तर बंद होता. पण तू म्हणतेस त्यात अर्थ आहे. खाली माणूस असताना ऑटो चालू ठेवणं म्हणजे तेच भूत आपण आपल्या हातानं पेटीत बसवणं. लाईट कधी येईल ते त्याला कळतं. खाली कोण आहे ते कळत नाही.

मी नंतर शिदाचा पुष्कळ विचार केला. लोक त्याला खोटारडा म्हणत. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं भावाचा आवाज खरंच ऐकला होता. आणि तरी चूक त्याचीच होती, कारण त्यानं कानावर विश्वास ठेवला, पायांना त्रास दिला नाही. दोन्ही खरं आहे. तिथं जे हाक मारतं ते संतू असेल असं मला वाटत नाही. संतूला काय मिळणार? एक माणूस खाली, एक वर, आणि मधे नुसता एक शब्द, तेवढ्या जागेत ते राहतं. ती जागा आपण त्याला देतो.

म्हणून सांगते, हाकेच्या वाटेनं बटणाकडं कुणी जायचं नाही. तीन हाका येवोत नाहीतर तेरा. उतरणाऱ्यानं फ्यूज कनवटीला लावून उतरायचं. पाणी भरून झालं, दांडा हातानं फिरला, सगळं आवरलं, की त्यानंच वर यायचं आणि आपल्या हातानं फ्यूज लावायचे. चार पायऱ्या जास्त चढाव्या लागतात, लागू देत.

आता तात्या उतरतात तेव्हा फ्यूज त्यांच्याकडं असतात आणि पेटीपाशी मी. हाक येते. बहुतेक तात्यांच्या आवाजात, एकदा माझ्या आईच्या आवाजात आली. मी अजूनही घाबरते. घाबरून त्या फळीवर नुसती उभी राहते. हाकेनं कितीही बोलावलं तरी माझ्या हातून काही होणार नसतं.