दार आतून उघडत नाही

अहो, हॉर्न काय मी हौस म्हणून वाजवतोय? तुमचं बाळ उठलं असेल तर माफ करा, ताई, पण हे दार आतून उघडत नाही, काच चार बोटांच्या खाली येत नाही, मधे ही भलीमोठी बॅटरी, आणि पलीकडच्या दाराला कुलूप घालून ड्रायव्हर चहाला गेलेला... माणसानं करायचं काय? नाही नाही काका, तुम्ही हँडलला हात लावू नका! बाहेरून उघडतं, मला माहीत आहे. पण लष्कराची गाडी आहे, असं येईल त्यानं उघडायचं नसतं. आधी पातळी ठरली पाहिजे.

हसताय? हसा. तुम्हाला सांगतो, माझी नोकरीच ती आहे. तोफ असो नाही तर तवा, पलटणीतलं काहीही बिघडलं की ते कोणी दुरुस्त करायचं हे मी ठरवतो. पहिली पातळी म्हणजे जो वापरतो त्यानंच करायचं, पुसा, तेल घाला, आवळा. दुसरी, पलटणीचा मिस्त्री. तिसरी, मोठं वर्कशॉप. चौथी, डेपो... तिथे हत्ती पाठवलात तरी सुटा करून परत जोडून देतील. आणि मधली पायरी वगळायची नाही. जीव गेला तरी नाही.

आता हे दार. मिस्त्री म्हणतो, "साहेब, हँडल तुटलं असेल तर माझं काम, लॉक गेलं असेल तर वर्कशॉपचं." म्हटलं, मग बघ की उघडून. तर म्हणे दाराचा पत्रा काढायचा अधिकार वर्कशॉपला. वर्कशॉप म्हणतं, हँडल धड आहे असं मिस्त्रीनं सांगितल्याशिवाय आम्ही पत्र्याला हात लावणार नाही. आणि पत्रा काढल्याशिवाय हँडल दिसतंय कुणाला? मांजर पिल्लं फिरवतं तशी फिरतेय ही गाडी, इकडून तिकडे, तिकडून इकडे... नियम कोणी केला ते विचारू नका. पातळी ठरली पाहिजे, एवढं खरं.

इथे कशाला थांबलो म्हणता? ते समोरचं हिरव्या दाराचं घर माझ्या मेव्हणीचं. आत माझी बायको आहे. महिना झाला.

भांडण नाही हो. भांडण असतं तर बरं होतं. एक दिवस म्हणाली, "आपण दोघं बोलतच नाही." मला काही वाटलंच नाही. वाईट नाही, बरं नाही, काहीच नाही... दातवाल्यानं सुई टोचली की आपलाच गाल कसा परका होतो, तसं. पण सवय जाते कुठे? डोक्यात आलं, पातळी ठरली पाहिजे. पहिली, म्हणून चहा करून दिला. निवला तसाच. दुसरी, माझ्या मोठ्या बहिणीला फोन. बहीण म्हणाली, मी कशाला तुमच्यात पडू, तिच्या आईला विचार. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हे तुमचं तुम्हीच बघायचं." झालं! आलं परत पहिल्या पातळीला. आणि तोवर ती बॅग भरून दारात उभी.

"मी जाते. थांबवायचं असेल तर आत्ता सांगा."

एक शब्द होता हो. थांब. तेवढाच. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कळवतो." दिवसभर ऑफिसात तेच म्हणायचं ना... रणगाडा बंद पडला, कळवतो. तोफ अडली, कळवतो. बायको चालली, कळवतो!

तेव्हापासून जेवतो, झोपतो. भूक लागली म्हणून जेवतो की घड्याळ बघून, ते मात्र सांगता यायचं नाही. शेजारी विचारतात, वहिनी कशा आहेत? मी म्हणतो, मजेत.

आज ही गाडी पुन्हा वर्कशॉपला निघाली. रस्ता इथूनच जातो, म्हटलं मीही येतो. वाटभर घोकत आलो, घरी चल, घरी चल, घरी चल... इथे पोचलो, ड्रायव्हर म्हणाला, तुम्ही उतरा साहेब, मी चहा घेऊन येतो. आणि गेला. दाराचं त्याच्या लक्षात नाही, माझ्याही नाही! ज्या दारापायी महिनाभर डोकं फोडलं, त्याच दाराआड जाऊन बसलो.

थांबा... पडदा हलला. आली. जरा बाजूला व्हा काका, आली ती.

...

ऐकलंत ना तुम्ही? म्हणालो मी. त्या फटीतून का होईना, पण म्हणालो, "घरी चल." आणि इथे, घशात, काहीतरी दुखलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी दुखलं हो मला. तिनं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हँडलवर हात ठेवला, आणि काय म्हणाली?

"कळवते."

गेली आत. दार नुसतं लोटून घेतलं पण. कडी नाही लावली... तुम्हाला आली का कडी ऐकू? मला नाही आली.

अहो काका, नको! तुम्ही नका उघडू. तुमचे उपकार आहेत, पण मधली पायरी वगळायची नाही, नियम आहे. हे दार कुणी उघडायचं त्याची पातळी ठरली आता. तुम्ही जा घरी, ताई, बाळाला झोपवा. हॉर्न नाही वाजवत. मी आहे इथेच... जाणार कुठे?