पाळी माझी, लिव्हर हरणाबाईचं

...आन् उपाशी मी न्हाई वं, उपाशी ती! तुमास्नी सांगतो, मी सयाजी, साखर कारखान्यात बॉयलरवर. आठवड्याला पाळी बदलती, कवा सकाळची, कवा दुपारची, कवा रातची. मी कवा बी घरला यीन, आमची हरणाबाई भाकरी झाकून बसल्यालीच! का? तर नवऱ्याच्या आधी जेवायचं न्हाई! आगं, मी तिकडं डबा खाल्ला की! तर म्हंती, "खावा की. मला न्हाई घास उतरत." आता बोला!

गेल्या ऊस गळिताच्या हंगामात तिच्या अंगातली रयाच गेली. चार पावलं चालली की बसती, ताट बघितलं की तिला मळमळतं. बॉयलरपुढं उभा ऱ्हानारा मानूस मी, पर लय भ्यालो गड्यांनो! तशीच उचलली आन् इस्लामपूरला देवदत्त डॉक्टरांकडं नेली. त्यांनी पोट दाबलं, रगत तपासलं आन् म्हनले, "लिव्हरला सूज आहे."

मी उडालोच! "आवं सायेब, माळकरी बाई हाय, दारूचा वास बी न्हाई!"

"दारूचं नाव कुणी काढलं? बाई, जेवता कधी?"

"ह्यांची पाळी सुटल तवा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, लिव्हरलाही घड्याळ असतं. जेवणाच्या वेळेवर चालतं ते. तुम्ही दर आठवड्याला वेळ बदलता, त्यानं काम करायचं कधी?"

म्हंजी बघा, पाळी माझी आन् राबतंय हिचं लिव्हर! ना पगार, ना ओव्हरटाइम!

गोळ्या दिल्या, पर बाई हटंना. "आधी जेवले तर मानसं काय म्हंतील?" आगं, पाळी माझी, राबतंय तुझं लिव्हर, मानसांचं काय जातंय? शेवटी म्हनलं, "तू येळेवर न्हाई जेवलीस, तर मी बी न्हाई जेवनार." दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत आनला. तिनं उचलला... जड लागला... डोळ्याला पदर लावला. तवापास्नं पाळी कुठली बी असू दे, बाई सकाळ-सांज ठरल्या येळंला जेवती.

सूज उतरली बरं का! डॉक्टरांचं लय उपकार. आन् तिचं तर काय सांगू, ऐकलं माझं, जगली, मलाच जगवलं की वं!

आता रातपाळी करून सकाळी घरला येतो, तर ही न्याहारी करून, ठणठणीत, कवाच रानात! दाराला कुलूप, किल्ली हिच्या कमरंला. पायरीवर बसतो आन् हात जोडतो... सिद्धनाथा, बाई जेवल्याली हाय, आनखी काय मागू? माझं अंथरूण तेवढं आत ऱ्हायलंय!